मंजूला पत्र: रेवाच्या वकिलीबद्दल

सिव्हिल लाइन्स, नागपूर
८ एप्रिल

प्रिय मंजू,

तुझं पत्र परवा मिळालं. रेवाला पुण्यात चांगल्या पगाराची कंपनीतली जागा चालून आलेली असताना ती आजीच्या घरी राहून नागपुरात प्रॅक्टिस करते म्हणते, तर "तिला तू समजाव, तुझं ऐकेल" असं तू लिहिलंस. समजावते, पण तिला नाही, तुला. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते की तिला वकिली करू दे, फक्त माझ्या ऑफिसात नको. का ते पुढे येईलच.

आपण दोघी लॉ कॉलेज चौकात तीन वर्षं बसलो. १९२५ सालचं कॉलेज, पुढे सरन्यायाधीश झालेल्या हिदायतुल्लांसारखा माणूस तिथे शिकवून गेलेला, त्या नावावर आपण गावभर मिरवलो. आता तर काय, २०१९ मध्ये बोबडे साहेब सरन्यायाधीश झाले, २०२५ मध्ये गवई साहेब, तेव्हापासून नागपूरच्या बाररूममधल्या प्रत्येकाला आपण दिल्लीच्या वाटेवर आहोत असं वाटतं. पण खरं सांग, त्या तीन वर्षांत कोणी आपल्याला वकालतनामा, म्हणजे पक्षकार सही करून वकील नेमतो तो कागद, हातात घेऊन दाखवला होता का? दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर एकोणचाळीसखालचा मनाई हुकूम आपण पेपरात पानभर लिहिला. बेलिफाचा भत्ता कुठे भरायचा, नकलेचा अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा, 'से', म्हणजे समोरच्याच्या अर्जावर आपलं लेखी म्हणणं, द्यायला सांगितलं की नेमकं काय करायचं, हे पुस्तकात नव्हतंच. तू बँकेत गेलीस आणि त्यातून सुटलीस. मी एका दुपारी काळा कोट घालून जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात उभी राहिले तेव्हा मला मुन्शीपेक्षा, म्हणजे वकिलाच्या कारकुनापेक्षा, कमी कळत होतं. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. आमच्या ऑफिसचे मुन्शी रोजनामा, म्हणजे खटल्यात तारखेतारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, नुसता चाळून सांगायचे की आज न्यायाधीश साहेब साक्षीपुरावा घेणार नाहीत, पुढची पेशी, म्हणजे तारीख, पडणार. आणि तसंच व्हायचं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या सरांचं नाव लिहीत नाही, तुला ठाऊकच आहे. धंतोलीतलं ते वरच्या मजल्यावरचं ऑफिस. त्यांनी मला कायदा फारसा शिकवला नाही, कायदा वाचायचा असतो म्हणायचे. शिकवली ती तारखांची यादी. फुलस्केप कागदाला उभ्या घड्या घालून तीन रकाने करायचे: तारीख, काय घडलं, आणि ते कोणत्या कागदावरून दिसतं. पक्षकार समोर बसून रडत असो की शिव्या देत असो, माझं काम ते तीन रकाने भरण्याचं. संध्याकाळी सर तो कागद घ्यायचे, पहिले दोन रकाने वाचायचेच नाहीत. तिसऱ्यात जिथे जागा रिकामी, तिथे लाल पेन्सिलीने टिंब करायचे आणि पक्षकाराला परत बोलवायचे. दाव्याचा मसुदा त्यानंतर. मी आजही असंच करते, ज्युनिअरांकडूनही करून घेते. संगणकावर करतात ती पोरं, पण रकाने तेच तीन.

आता पैशाचं. सर मला काही देत नव्हते. त्या काळी कोणीच देत नसे, "शिकायला मिळतंय ना" हेच मानधन. माझं भागलं, कारण प्रतापनगरात बाबांचं घर होतं, दोन वेळचं जेवण होतं आणि लूना होती. त्याच ऑफिसात गडचिरोलीकडचा एक मुलगा होता. भाड्याच्या खोलीत राहायचा, खानावळीचा डबा दोघांत एक. मंजू, तो माझ्यापेक्षा सरस होता. त्याने दाव्याला उत्तर म्हणून लिहिलेल्या जबाबात सरांची लाल पेन्सिल क्वचितच चालायची. वर्षभराने तो गावाकडे परत गेला, जिल्हा परिषदेत कारकून लागला. त्याला कोणी काढलं नाही, कोणी वाईट वागवलं नाही. त्याचं भाडं थकलं, एवढंच. आपल्या धंद्यात ज्येष्ठ वकील भाषणात गुरुशिष्य परंपरा वगैरे बोलतात ना, तेव्हा मला हा मुलगा आठवतो आणि मी चहा घ्यायला बाहेर जाते.

वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, बार कौन्सिल ऑफ इंडियाने, २०२४ च्या ऑक्टोबरात पत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे बहुतेकांनी ते वाचून घडी करून ठेवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी कायद्यात लिहिलेल्या साडेसातशे रुपयांवर आणून ठेवली, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे. त्याआधी राज्याराज्यांत हजारोंनी घेत होते. म्हणजे दारातून आत यायचं तिकीट स्वस्त झालं, आत आल्यावर जेवायचं काय हा प्रश्न तसाच. वीस हजार प्रत्येक वकिलाला झेपतील असं मी म्हणणार नाही, वरुड-काटोलच्या कोर्टात स्वतः वकिलालाच तेवढे सुटत नसतील. पण काहीतरी ठरलेलं, ठरलेल्या तारखेला, न मागता, हे प्रत्येकाला जमतं. ज्याला जमत नाही त्याने ज्युनिअर ठेवू नये, स्वतः फायली उचलाव्यात. यावरून माझं बाररूममध्ये दोघातिघांशी वाजलेलं आहे आणि अजून वाजेल.

रेवाच्या बाबतीत आणखी एक नवीन भानगड आहे, ती तिला माहीत असेलच. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं प्रॅक्टिस हवी. निर्णय मला पटतो. बावीस-तेवीस वर्षांची मुलं कॉलेजातून थेट खुर्चीत बसली की वकिलाचा घसा का कोरडा पडतो ते त्यांना कळत नाही. पण त्याचा दाखला किमान दहा वर्षं प्रॅक्टिस असलेल्या वकिलाने द्यायचा, त्यावर न्यायाधीशांची मान्यता, अशी सोय झाल्यापासून मला फोन येतात: "मॅडम, नुसतं तुमच्याकडे नाव राहू द्या, मी क्लासला जातो." मी नाही म्हणते. कोणीतरी हो म्हणत असणारच. रेवा त्यातली नाही हे मला ठाऊक आहे, पण तिला न्यायाधीश व्हायचं असेल तर आधीच तोंडाने सांगू दे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तुला एक दुपार सांगते, म्हणजे मी रेवाला जिल्हा न्यायालयातच का पाठवते आहे ते कळेल.

माझ्याकडे गोंदियाकडची एक मुलगी आहे, वडील शेतकरी. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा दावा होता. शेजाऱ्याने धुरा फोडून पाच-सहा तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, आत घेतली असा त्याच्यावर आरोप, आणि तो शेजारी आमचा पक्षकार. म्हातारा दर पेशीला विचारायचा, "बाई, माह्यं वावर जाईन का वं?" समोरच्यांचा सगळा दावा भूमी अभिलेखच्या मोजणीवर उभा. नकाशा सुबक, अतिक्रमण लाल रेषेने दाखवलेलं. मोजणीदाराची उलटतपासणी मी तिला दिली. आठवडाभर आधी दिली, आणि प्रश्न लिहून दिले नाहीत. ती रात्री घरी फोन करून वडिलांना विचारत बसली की मोजणीवाला आला की पहिल्यांदा कुठे जाऊन उभा राहतो.

कोर्टात तिचा पहिला प्रश्न होता: "मोजणी कोणत्या दगडापासून सुरू केली?" साक्षीदार सैलावला. हद्दीचा जुना दगड सापडला नव्हता, त्याने वादीने दाखवलेल्या जागेपासून सुरुवात केली होती. मग तिने विचारलं, दोन्ही शेतांचे गट मोजले का? नाही, वादीचाच. शेजाऱ्याला नोटीस दिली होती का? दिली होती, हा अंगठा. तिने आमच्या म्हाताऱ्याचा वकालतनामा पुढे केला. त्यावर मोडक्या अक्षरात का होईना, पण सही होती. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. पोरीला आता चेव आला, तिच्या ओठांवर "म्हणजे तुम्ही खोटा नकाशा" इतकं आलेलं मला दिसत होतं. मी मागून तिच्या कोटाची बाही ओढली. ती बसली. तो एक प्रश्न गेला असता तर साक्षीदाराला खुलासा करायची संधी मिळाली असती, आणि सरकारी माणूस खुलाशात पटाईत असतो. निकाल अजून यायचा आहे, पण बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "पुढची पेशी कवा?" त्या क्षणापासून तो तिचा पक्षकार झाला. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे हायकोर्टात शिकता येत नाही. आपल्या खंडपीठाची इमारत कितीही देखणी असो, १९४० पासून तिच्या घुमटाकडे पाहून पोरं वकील व्हायची स्वप्नं बघतात, पण तिथे बहुतेक काम शपथपत्रांवर चालतं. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून कागद येतात, माणूस क्वचितच. साक्षीदार कसा घाम पुसतो, खोटं बोलणारा नेमकं कुठे जास्त तपशील देतो, हे खालच्या कोर्टातच दिसतं. पहिली दोन-तीन वर्षं तिथे, मग वर जायचं तर खुशाल जावं. दोन्ही कोर्टं सिव्हिल लाइन्समध्येच, कोणी अडवत नाही.

"बाई, वकील साहेब कुठे आहेत?" हे तिला अजूनही ऐकावं लागेल. मी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकलं तेच. त्याला उत्तर एकच, फाइल उघडून बसायचं.

उलट एका गोष्टीत ती आमच्या पुढे असेल. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि आमची सगळी पाठांतरं मोडीत निघाली. फसवणुकीचं चारशेवीस कलम आता तीनशे अठरा झालं, खुनाच्या तीनशे दोनचं एकशे तीन. अटकपूर्व जामिनाला तोंडातून अजून चारशे अडतीसच निघतं आणि पाठीमागून ज्युनिअर हळूच म्हणते, "चारशे ब्याऐंशी, मॅडम." त्यात जुन्या तारखेच्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं टेबलावर दोन्ही पुस्तकं ठेवावी लागणार. या एका बाबतीत मी माझ्या ज्युनिअरांची ज्युनिअर आहे.

आता माझ्याकडे का नको ते. ती मला मावशी म्हणते. तिने पाच पानांचा दावा लिहून आणला तर मी त्यातली तीन पानं कापू शकणार नाही, आणि कापली तर रात्री तुझा फोन येईल. बाकीच्या मुली म्हणतील, मॅडमची भाची. शिवाय तिला मिळालेलं प्रत्येक काम माझ्यामुळे मिळालं असं लोक बोलतील, ते तिच्याही कानावर जाईल. म्हणून मी एका बाईंशी बोलले आहे. दिवाणी काम करतात, जिल्हा न्यायालयातच, बोलायला फटकळ, मसुद्यात अतिशय काटेकोर. त्यांना तीनच गोष्टी विचारल्या: महिन्याला किती देणार, पहिल्या वर्षात तिला कोर्टात स्वतः बोलायला उभी करणार का, आणि तिने लिहिलेल्या मसुद्यावर तिचंही नाव घालणार का. पहिल्या प्रश्नावर त्या जरा थांबल्या, आकडा सांगितला, बरा आहे. तिसऱ्यावर म्हणाल्या, "लिहिलं तर घालेन." मला उत्तर आवडलं.

मेची सुट्टी संपली की जूनमध्ये येऊ दे. तोवर बार परीक्षेचा अर्ज, सनदेचे कागद तिने उरकावेत. सनद आधी तात्पुरती मिळते आणि परीक्षा दोन वर्षांत काढायची असते, पण रेंगाळू नये. एक लहानसा दिलासा तिला सांग: उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नाही, तशी सूट बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा त्या नियमाची किंमत कळते. हायकोर्टात मात्र कोट, गाऊन सगळं.

आणि बाईंना फोन तू करू नकोस, मीही करणार नाही. नंबर मी रेवाला पाठवते, तिनेच करावा. सकाळी नऊच्या आत, नाहीतर त्या कोर्टात असतात.

आईंना नमस्कार.

तुझी,
सुलू

ता. क. तुझ्या भाडेकरूचा चेक परत आला म्हणतेस आणि "बघू पुढच्या महिन्यात". बघू नकोस. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे, मग त्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. मेमोची तारीख काय आहे ते आज मला कळव. बँकेत एवढी वर्षं काढलीस आणि हे मी सांगायचं का गं?