बाबांच्या पंचाहत्तरीची भेट

पेडणे, गोवा
श्रावण

प्रिय मित्रा,

बाबांच्या पंचाहत्तरीला तुला येता आलं नाही, म्हणून फोनवर राहून गेलेलं सगळं आज सावकाश लिहितो आहे.

आमच्या जुन्या घराच्या वसरीतली ती भिंत तू पाहिलेली नाहीस. मीही नाही. तिच्यावर कावीचं काम होतं : पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगात कोरलेली पोपटांची जोडी, मधे कमळ, भोवती वेलीची पट्टी. पुढे भिंतीला ओल आली, म्हणून गवंड्याने तिच्यावर सिमेंट थापलं. बाबा तेव्हा नोकरीनिमित्त बाहेरगावी होते. सुट्टीत आले तर भिंत करडी! चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते, सिमेंट ती अडवून धरतं. त्यामुळे ओल गेली नाहीच, पोपट मात्र गेले. बाबा त्यावर कधी चिडून बोलले नाहीत. पण आम्ही मोरजीला मोरजाईच्या देवळात गेलो की तिथल्या कावीच्या चित्रांपुढे ते फार वेळ उभे राहतात. मला तेच आठवलं आणि ठरवलं की घड्याळ नको, शाल नको, त्यांना ती जोडी परत द्यायची.

घरात एकच आधार होता, आत्याच्या लग्नातला काळापांढरा फोटो. मंडळी ओळीने उभी आहेत आणि मागे ती भिंत. नेमक्या एका पोपटाच्या जागी काकांचा फेटा! मी फोटो घेऊन आत्याकडे गेलो. ती भाकरी करत होती. फोटोकडे तिने नीट पाहिलंही नाही. परातीतलं पीठ हाताने सारखं केलं आणि बोटाने सरसर पोपट काढला. मान मागे वळलेली, चोचीत डहाळी. "लहानपणी तापात पडले की त्याच भिंतीकडे तोंड करून निजायचे रे," म्हणाली, "बोटाने गिरवत राहायचे." मी परातीचा फोटो काढून घेतला, मग तिने त्याच पिठाची भाकरी थापली.

आता काम कसं असतं ते सांगतो, तुला आवडेल. शिंपल्या भाजून केलेला चुना घ्यायचा, त्यात चाळलेली नदीची वाळू आणि गुळाचं पाणी घालून कुटायचं, मग झाकून मुरवत ठेवायचं. मी पंधरा दिवस ठेवला, रोज कुटत होतो. हा झाला पांढरा थर. तो ओला असतानाच वर चुन्यात कालवलेल्या तांबड्या मातीचा, म्हणजे कावीचा, पातळ थर. मग टोकदार सळईने तांबडं खरवडत जायचं, की खालचं पांढरं उमटतं. गोल काढायला कंपास, बाकी सगळं हाताने. रंग वरून लावलेला नसतो, चुन्याबरोबरच तो घट्ट होतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा शिंपलीसारखा दगड होतो. आपल्या कोकणपट्टीच्या पावसात या भिंती टिकल्या त्या यामुळे. खाली कर्नाटकात अंकोला-कुमट्यापर्यंत देवळांत हे काम आहे.

विहिरीमागे जुन्या घराच्या जमिनीच्या मातीच्या फरशा रचून ठेवल्या होत्या, त्यातल्याच घेतल्या. पहिलीवरचा चुना उन्हात ठेवल्यामुळे तडकला. दुसरी कोरडीच घेतली होती, तिने चुन्यातलं पाणी शोषलं आणि कोरताना काव भुकटी होऊन हातात आली. त्या रात्री मला खरोखर रडू आलं, कारण दिवस चारच उरले होते. तिसरी फरशी रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, सकाळी चुना लावला आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मान वर न करता कोरलं. पोपटाच्या गळ्याची ती वळलेली रेघ एका दमात आली, तेव्हा वाटलं हात माझा नाहीच. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून ओल्या गोणपाटाखाली ठेवली.

वाढदिवसाला बाबांनी कापड उघडलं आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. शेपटीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "शेपटीला तीन पिसं होती. तू चार काढलीस." आत्या लगेच म्हणाली, "चारच होती." दोघांचं दुपारभर चाललं. त्या नादात आजीची उखळ कुठे होती, राजांगणातल्या तुळशीपाशी कोण पडलं होतं, असं काय काय निघालं, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आई जेवायला हाक मारून दमली.

फरशी आता देवघराच्या दाराशी लावली आहे. गणेशचवथीला ये, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला हात हवेतच. आणि येताना चांगला लोखंडी कंपास मिळाला तर आण. काल रात्री बाबांनी विहिरीमागची एक फरशी आपणहून बादलीत भिजत घातली आहे. तीन पिसांचा पोपट काढायचा म्हणतात.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जिवलग मित्र