सूचना : रेड हाउसच्या भेटीआधी वाचावे

सर्व सभासदांना आठवण, येत्या शनिवारी आपण आग्नेय लंडनमधल्या बेक्सलीहीथचे रेड हाउस हे घर पाहायला जात आहोत. वास्तुरचनाकार फिलिप वेब यांचे हे पहिले स्वतंत्र काम. १८५९-६० मध्ये त्यांनी ते मित्र, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्यासाठी उभारले. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत ते पहिल्या श्रेणीत आहे आणि २००३ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

आत जाण्याची घाई करू नका, ही कळकळीची विनंती. आधी बाहेरून सावकाश फेरी मारा. त्या काळी अनेक घरांच्या विटा गिलाव्याखाली झाकत; इथे लाल वीट उघडी ठेवली आणि घराचे नावही तिच्यावरूनच पडले. खिडक्या पाहा : कुठे उंच, कुठे चक्क गोल. बाहेरून सारखेपणा साधण्यासाठी त्या बसवलेल्या नाहीत, आतल्या खोलीची गरज पाहून बसवल्या आहेत. मला तर या घराचा सगळा प्रामाणिकपणा तिथेच दिसतो. घराचा आराखडा इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आहे, आणि त्याच्या कुशीत शंकूच्या आकाराच्या छपराची विहीर आहे. तिच्यापाशी थोडा वेळ उभे राहाच.

आत ओकचा जिना आणि चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांची भित्तिचित्रे आहेत. भिंतींना, रंगांना हात लावू नये. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आणू नयेत, जिन्यात त्या घासतात. येणार नसाल तर गुरुवारपर्यंत कळवा.