शिलाईतली माया

मावशी,

तुमच्या दुकानाला पाटी नाही. जिन्याखालची ती जागा साताऱ्यात विचारत विचारतच सापडते. तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही हेही मला माहीत आहे, पण तुमची लेक वाचून दाखवील.

डिसेंबरात, गॅदरिंगला चार दिवस उरले असताना मी माझ्या आठवीतल्या मुलीला घेऊन तुमच्याकडे आले होते. कोळीनृत्याचा ब्लाउज शिवायचा होता. ड्रेपरीवाल्याचे ब्लाउज सगळे एका मापाचे. हिचा दंडातच अडकला. नाच बसवणाऱ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिला टोपली देऊन कडेला उभी करा." पोरी फिदीफिदी हसल्या.

हे तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. आणखीही बरंच सांगितलं नव्हतं. दिवाळीपासून डबा तसाच परत येत होता. चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडे नेली, तर त्यांनी आधी वजनकाट्याकडे बघून "जरा डाएट सांभाळ हं" असं हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.२. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना ॲनिमिया आहे असं सरकारचीच पाहणी सांगते, आणि आम्ही पोरीला कमी खा म्हणून सांगत बसलोय.

सगळा दोष मी मोबाईलवर टाकून मोकळी झाले होते. तो निर्दोष आहे असं नाही. २०२१ साली फेसबुकचीच आतली कागदपत्रं फुटली, त्यात लिहिलं होतं की इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींतल्या एकीला स्वतःच्या शरीराबद्दल वाटणारा त्रास आणखी वाढतो. ती बातमी मी पोरीच्या तोंडावर फेकली होती. पण "अगं बाई, केवढी सुटलीस!" हे काही तिला इन्स्टाग्रामने म्हटलं नव्हतं. ते तिच्या आत्याने, लग्नाच्या पंगतीत, तिच्या पानात जिलबी पडत असताना म्हटलं. फेअर अँड लव्हलीच्या नावातला 'फेअर' २०२० साली गेला, पण आमच्या घरातलं "उन्हात हिंडू नकोस, काळी पडशील" अजून कुठे गेलंय? आणि वाढदिवसाला मुद्दाम एक माप लहान जीन्स आणून "यात बसलीस की आणखी एक घेईन" म्हणणारी मीच होते. ती जीन्स अजून लेबलासकट कपाटात पडून आहे.

तर त्या दिवशी. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. तुमची पद्धत मला माहीत होती, टेप लावायची आणि मोठ्याने आकडा सांगायचा, लेक वहीत लिहून घेते. रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जातं. माझ्या पोटात गोळा आला. पोरीने पोट आत ओढून श्वास धरला होता, मान खाली, कान लाल. तुम्ही कमरेला टेप लावलात आणि थांबलात. तिच्या तोंडाकडे बघितलंत. मग हळूच म्हणालात, "सोड की श्वास. नाचताना घेणार नाहीस का?" तिने सोडला. तुम्ही आकडा बोललाच नाहीत. लेकीच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच वहीत लिहिलात. छाती, दंड, सगळं तसंच, गुपचूप. लेक तुमच्याकडे बघतच राहिली.

एवढंच. एवढ्यासाठी हे पत्र.

नंतर न्यायला आलो तेव्हा तुम्ही ब्लाउज उलटा करून तिला आतली शिवण दाखवलीत. "ही माया. दोन्हीकडं सोडलीय. वाढतं वय आहे, अंग भरणारच. आलीस की उसवून देईन." ती बोटाने चाचपत राहिली त्या जास्तीच्या कापडावरून. माया हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय, आईच्या मशीनशेजारीच वाढले, पण तो शिवणीला आणि माणसाला एकच का, हे कधी मनात आलं नव्हतं.

चांगुलपणाला काही लागत नाही म्हणतात. मला आता पटत नाही. सीझनच्या गर्दीत, पाठीमागे ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना, हात थांबवून समोरच्या पोरीच्या तोंडाकडे बघायला लागतं. शिकलेल्या, पदव्या लावलेल्या माणसांना ते महिनाभरात जमलं नाही. मलाही नाही.

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर खोटं होईल. अजून ती फोटोत बहिणीच्या मागे उभी राहते, अजून आरशासमोर दंड दाबून बघते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पण त्या रात्री तिने दीड भाकरी खाल्ली. मी मोजली, आणि मोजली म्हणून स्वतःवरच चिडले. नाचात ती दुसऱ्या ओळीत होती. ते कसं जमवलं ते सांगत बसत नाही, बाईंशी माझं थोडं वाजलं.

आता जूनमध्ये नवा युनिफॉर्म शिवायचाय. शाळेने ठरवलेल्या दुकानात तयार मिळतो, पण ती नको म्हणाली. "मावशींकडे टाकते," म्हणाली. "आणि तू येऊ नकोस. मी एकटी जाईन."

येईल ती. माया जरा जास्तच सोडा.