परीक्षणाआधी वर्दी हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शुक्रवारच्या पुरवणीतील आगामी चित्रपटांच्या सदरात, ज्यांच्या जाहिराती महिनाभर आधीपासून सर्वत्र झळकत असतात, त्याच चित्रपटांची नावे असतात. स्वतंत्र बाण्याचे चित्रपट आणि माहितीपट मात्र प्रदर्शित झाल्यानंतर, परीक्षणाच्या रूपाने भेटतात. गेल्या वर्षी एका माहितीपटावरील सुरेख परीक्षण रविवारी वाचून मी तिकीट काढायला निघाले, तर त्याचे खेळ गुरुवारीच संपले होते. परीक्षकांचा यात दोष नाही. अशा चित्रपटाला बहुधा एकच आठवडा आणि तोही दिवसाला एखादा अडनिड्या वेळेचा खेळ मिळतो. म्हणून विनंती आहे ती पूर्वसूचनेची.

हे फारसे अवघड नसावे, कारण या चित्रपटांची वाटचाल खूप आधीपासून दिसत असते. जानेवारीत अमेरिकेतला सनडान्स, फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये फ्रान्समधला कान, ऑगस्टअखेरीस व्हेनिस आणि नोव्हेंबरात केवळ माहितीपटांसाठी भरणारा ॲमस्टरडॅमचा ‘इडफा’ असे हे चित्रपट महोत्सवांचे वर्षाचे चक्र असून, महोत्सवातील पहिल्या खेळानंतर चित्रपट सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचायला सहा-आठ महिने सहज जातात. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्समध्ये ज्यूरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये आणि तो चित्रपटगृहांत आला सप्टेंबरमध्ये. एवढ्या अवधीत वाचकाला चार ओळींची वर्दी देणे कोणत्याही वृत्तपत्राला जमण्यासारखे आहे.

पुरस्कार मिळाला की वितरक आपोआप मिळतो, हा समजही खरा नाही. दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या ‘नो अदर लँड’ला फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्लिनला माहितीपटाचा पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्करही मिळाले, तरीही तोपर्यंत अमेरिकेत त्याला वितरक लाभला नव्हता आणि तेथील चित्रपटगृहांत तो वितरकाविनाच लावावा लागला. ज्या चित्रपटामागे जाहिरातीचा खर्च करणारे कोणी उभे नाही, त्याची वार्ता वृत्तपत्राने दिली नाही तर ती कोण देणार?

मात्र महोत्सवाची खूण म्हणून पोस्टरवर छापलेली पानांची नक्षी पाहून भुलू नये, एवढी दक्षता सदरलेखकाने घ्यावी. कान महोत्सवाबरोबरच तेथे चित्रपटांचा बाजारही भरतो आणि त्यात शुल्क भरून निर्मात्याला आपल्या चित्रपटाचा खेळ लावता येतो. पुढे जाहिरातीत त्याचेच ‘कानमध्ये प्रदर्शित’ होते. स्पर्धेतील निवड आणि बाजारातील खेळ यांतला फरक वाचकाला सांगितलाच पाहिजे. शिवाय कॅमेरा पाच मिनिटे एका भिंतीवर रोखून धरला म्हणजे आशयाला खोली येते, असे मानणारेही या वर्तुळात कमी नाहीत. तेव्हा कोणता चित्रपट टाळला तरी चालेल, हेही मोकळेपणाने लिहावे.

माहितीपटांविषयी जरा अधिक लिहावे असे वाटते. ‘माहितीपट’ या शब्दानेच अर्धे प्रेक्षक पळतात. शाळेतला तास पुन्हा बसवला जाईल अशी त्यांना धास्ती वाटते. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ आकाशातून कोसळणाऱ्या जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दिल्लीतील दोन भावांबद्दलचा आहे. त्यात माहिती सांगणारा निवेदकाचा आवाज नाही. उंदीर, डबक्यातले पाणी, धूर आणि भावांची कुरबुर यांतूनच शहराची हवा कळत जाते. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही ठिकाणी त्याला माहितीपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो कसा पाहावा, हे आधी दोन वाक्यांत कोणी सांगितले असते, तर माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ पहिल्या वीस मिनिटांत उठून गेले नसते.

सदरात प्रत्येक चित्रपटामागे दिग्दर्शकाचे नाव, लांबी, भाषा, उपशीर्षके आहेत की नाहीत आणि तो चित्रपटगृहात येणार की थेट ओटीटीवर, एवढे दिले तरी पुरे. ऑस्करसाठीच्या पंधरा माहितीपटांची प्राथमिक यादी डिसेंबरमध्ये जाहीर होते. सदराची सुरुवात त्या यादीपासून करता येईल.

आपली,
एक नियमित वाचक