माझदा टिकेल का? बाबांना उत्तर

हिरोशिमा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "तुमचे पार्ट जातात ती माझदा टिकेल ना? लहान आहे म्हणतात." उद्यमनगरातला तुमचा कारखाना बंद पडलेला मी पाहिलाय. त्यामुळे तुमची काळजी कुठून येते ते मला कळतं. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

लहान आहे हे खरं. टोयोटा वर्षाला कोटीच्या आसपास गाड्या काढते, माझदा साधारण १२ लाख. सुरुवात तर गाड्यांपासून झालीच नाही. १९२० साली इथे 'तोयो कॉर्क कोग्यो' नावाची बुचाची कंपनी निघाली. पुढच्या वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे प्रमुख झाले. कोळ्याचा मुलगा, लहानपणी ओसाकाला जाऊन लोहारकाम शिकलेला. हाताला लोखंडाची सवय झालेला माणूस बुचात किती दिवस रमणार? १९२७ ला नावातून 'कॉर्क' गेलं आणि यंत्रकाम आलं. १९३१ ला इथल्या फुचू गावच्या कारखान्यातून माल वाहायची तीनचाकी गाडी बाहेर पडली. पुढे कितीतरी वर्षं तिच्यावरच कंपनी जगली.

आई, तू विचारलं होतंस, अणुबॉम्ब पडलेल्या गावात कारखाना उरलाच कसा? फुचू शहराच्या पूर्वेला आहे, स्फोटाच्या जागेपासून सुमारे ५ किलोमीटरवर, आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी आहे. तिच्या आडोशाने इमारती बऱ्याच वाचल्या. माणसं मात्र वाचली नाहीत. त्या सकाळी कामानिमित्त शहरात गेलेले कितीतरी कामगार गेले. ६ ऑगस्ट १९४५ ला जुजिरोंना ७० वर्षं पूर्ण झाली होती. ते स्वतः वाचले, पण त्यांचा एक मुलगा गेला. कारखान्यात जखमींवर उपचार सुरू झाले, आणि प्रांताच्या सरकारला बसायला जागा उरली नाही म्हणून सरकारी कचेरीही पुढे कारखान्याच्या इमारतीत भरू लागली. त्याच वर्षी डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनायला लागली. चार महिन्यांत! राख झालेल्या गावात सामान वाहायला काहीतरी हवंच होतं ना.

आता बाबा, खास तुमच्यासाठी. १९६० नंतर सरकारच्या मनात होतं की मोटार कंपन्यांचे मोजकेच गट ठेवावेत. म्हणजे लहान कंपनी मोठीच्या पोटात जाणार. तेव्हा कंपनी वेगळी टिकावी म्हणून जुजिरोंचा मुलगा त्सुनेजी याने एनएसयू या जर्मन कंपनीकडून रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. पिस्टन वरखाली होण्याऐवजी तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना वायू निसटू नये म्हणून सील असतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. सील थरथरायचं आणि आतल्या भिंतीवर ओरखडे उठायचे, लेथवर चॅटर आल्यावर, म्हणजे हत्यार थरथरल्यावर, उठतात तसेच. इथे त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर या एका दुखण्यामागे लागले. जपानात धन्यासाठी जीव देणाऱ्या ४७ सामुराईंची कथा घरोघरी माहीत आहे, त्यावरून त्यांनाही तेच नाव पडलं. सीलमध्ये भोकं पाडून त्याच्या कंपनाची लय बदलली तेव्हा ओरखडे थांबले. पुढे अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील करून मे १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' विकायला काढली. जर्मनांनी मूळ इंजिन दिलं हे खरं, पण ते वर्षानुवर्षं चालवून दाखवलं या लोकांनी, असं माझं मत आहे.

आणि त्याच इंजिनाने कंपनीला बुडवायलाही आणलं. १९७३ ला तेल महागलं, रोटरीला पेट्रोल जास्त लागायचं, गाड्या पडून राहिल्या. सुमितोमो बँकेची माणसं कारभारात आली. हजारो कामगारांना शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवलं. हिरोशिमाच्या लोकांनीही 'आपल्या गावची गाडी घ्या' म्हणून जोर लावला. तुमच्या कारखान्यामागे असं कुणी उभं राहिलं नाही, हे मला आजही लागतं.

पुढे १९७९ मध्ये फोर्डने चौथा हिस्सा घेतला. १९९१ ला रोटरीच्याच गाडीने ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली, जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय. आपल्याकडच्या स्वराज माझदा गाड्यांवर जे नाव होतं तेही यांचंच. १९९६ ला पुन्हा पैशांची ओढाताण झाली आणि फोर्डचा हिस्सा एक तृतीयांशावर गेला. आज फोर्ड पूर्ण बाहेर पडलीय, टोयोटाचा थोडा हिस्सा आहे. २०२३ पासून एका गाडीत रोटरी परत आलंय, पण फक्त वीज तयार करायला. चाकं मोटर फिरवते.

विजेच्या गाड्यांच्या काळात पुढे काय होईल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला इथेच राहून हे काम शिकायचंय. नवीन करारावर सही करणार आहे.

इथे कंपनीचं संग्रहालय आहे. तिथे ती शर्यतीची गाडी, रोटरी इंजिन आणि चालू असेंब्ली लाइनही पाहता येते. पासपोर्टचे अर्ज दोघांचेही भरा. आई, "आधी बाबांचं होऊ दे" असं म्हणू नकोस. बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून मला कळव, म्हणजे मी तिकिटं बघते.

तुमची लेक