रात्री दोनचं दूध चुकवू नकोस

परभणी

चि. रेखास,
अनेक आशीर्वाद.

दादासोबत पिशवी पाठवते आहे. पुढून उघडणारे दोन गाऊन, झाकणाच्या दोन स्टीलच्या वाट्या, लेकराला सुती टोप्या-मोजे, आणि भाकरी. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात एकालाच सोडतात, म्हणून बाकीचं लिहूनच सांगते.

लेकरू १५०० ग्रॅमचं, पोटात ३२ आठवडेच राहून जन्मलेलं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो, म्हणून सध्या नळीतून पाजतात. दूध मात्र तुझंच हवं. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढ. रात्री उठायचा कंटाळा येईल, बाळ जवळ नसताना तर जास्तच. पण दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं, आणि साचलेलं दूध तसंच राहिलं की शरीर पुढचं कमी करतं.

वाटी दहा मिनिटं उकळून घे. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाच्या काळ्या भागाच्या कडेला ठेव. आधी छातीच्या दिशेने आत दाब, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाब, मग सोड. बोंड ओढायचं नाही, कातडीवर बोटं घासायची नाहीत. त्याने आग होते आणि दूध येत नाही. बोटांची जागा फिरवत राहा, तीन ते पाच मिनिटांनी बाजू बदल. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं. पहिल्या दोन दिवसांत चमचाभर पिवळा चीक आला तरी रडू नकोस, तेवढाच लेकराला लागतो. एक थेंब सांडू नकोस. वाटीवर नाव आणि वेळ लिही. बाहेर चार तास, फ्रीजमध्ये २४ तास टिकतं. थंड दूध कोमट पाण्यात वाटी ठेवून ऊन कर, उकळू नकोस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे झाले तर ऊन फडक्याने शेकून काढ. लाली आली, ताप भरला, तर लगेच डॉक्टरांना सांग.

आत जाताना कोपरापर्यंत हात धू. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून. हिरवा चुडा काढायचा म्हणून सासूबाई नाराज होतील. काचेच्या फटीत जंतू राहतात एवढं सांग.

लेकराच्या पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा लाल उजेडाचा चिमटा असतो. तो सरकला की यंत्र ओरडतं. आकडा बघून घाबरू नकोस, आधी लेकराचे ओठ बघ, मग सिस्टरला हाक मार. ऑक्सिजन चालू असताना आकडा शंभरावर नाही म्हणून भांडू नकोस. या वयाच्या बाळाला ९० ते ९५ पुरतो, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते.

डॉक्टर म्हणाले की छातीशी घे, नळी लावलेली असली तरी. टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडं. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, किंचित वर. हनुवटी छातीला टेकली तर श्वासनळी दबते, तेवढं सतत बघत राहा. एकदा घेतलं की तासभर तरी ठेव. वारंवार काढण्या-ठेवण्याने बाळ थकतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला आठ ते चोवीस तास सांगते. जावईबापूंनीही घ्यावं, तेवढ्यात तू झोप. उपाशी राहू नकोस, तहान लागली की पाणी पी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस.

पाचवी पुढे ढकला. काजळ, मध, बाळघुटी, काहीच नको. वजन पहिल्या आठवड्यात उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं.

सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि घरी सोडायची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर आधी इन्चार्ज सिस्टरला विचार.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. त्या आधी सुट्टी झाली तर तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नकोस.

तुझी,
आई