हाडातला पू रोखायचा तर नागपुरात बोन बँक हवी

संपादक महोदय,

वर्धा रोड असो की रिंग रोड, दुचाकीच्या अपघाताची बातमी वाचताना ‘पायावर निभावलं’ म्हणून आपल्याला हायसं वाटतं. त्या पायाचं पुढे काय होतं, ते मी ऑर्थो वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरीभर पाहिलं आहे. नडगीवर पुढून मांस नसतंच, नुसती कातडी. हाड मोडलं की ते बाहेर येतं आणि रस्त्याची माती आत जाते. ऑपरेशन होतं, रॉड बसतो, पेशंट घरी जातो. काही महिन्यांनी तोच पेशंट नडगीवरच्या बारीकशा छिद्रातून झिरपणारा पू घेऊन परत येतो. ड्रेसिंग करताना चिमट्याला कधी कधी मेलेल्या हाडाचा पिवळट तुकडाच लागायचा. मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा सलाईन. गडचिरोलीहून आलेल्या मजुराची तोवर बैलजोडीही विकून झालेली असते.

शिरेतून अँटिबायोटिक कितीही दिलं, तरी मेलेल्या हाडात रक्तच फिरत नाही, मग औषध पोचणार कसं? शिवाय रॉडवर, प्लेटवर जंतू चिकट थर करून बसतात आणि नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. मात्रा वाढवावी तर किडनीवर ताण. म्हणूनच औषध थेट हाडापाशी ठेवण्याची पद्धत निघाली. जर्मनीत बुखहोल्ट्झ यांनी बोन सिमेंटमध्ये, म्हणजे कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवायच्या लुकणात, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळल्याचं 1970 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे त्याच सिमेंटचे मणी तारेत ओवून जखमेत ठेवू लागले. त्यांचा उपयोग मी पाहिला आहे, पण सिमेंट विरघळत नाही. मणी काढायला पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

औषध मुरवलेल्या बोन ग्राफ्टचं, म्हणजे रिकाम्या जागेत भरायच्या हाडाच्या तुकड्यांचं, महत्त्व इथे आहे. स्पंजासारखं सच्छिद्र हाड व्हँकोमायसिनसारखं औषध धरून ठेवतं. पहिल्या दिवसांत ते भरपूर सोडतं, नंतर हळूहळू कमी. जखमेत औषध रग्गड, रक्तात मात्र थोडंच. पुढे त्या ग्राफ्टवरच नवं हाड धरतं, काढण्याचा प्रश्नच नाही. अर्थात मेलेलं हाड, माती नीट साफ न करता ग्राफ्ट भरला तर काही उपयोग नाही, आणि औषध बेसुमार घातलं तर हाडाच्या पेशींनाच मार बसतो. हे काम जाणत्या सर्जननेच करावं.

प्रश्न हाड आणायचं कुठून, हा आहे. पेशंटच्याच कमरेतून काढलं तर ते पुरत नाही आणि ती जागा बरेच दिवस ठणकते. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक 1988 पासून दान केलेलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देते. नागपुरातही खुब्याच्या सांधेबदलात मांडीच्या हाडाचा गोळा काढला जातो. तो बायोमेडिकल कचऱ्यात का जावा? मेडिकल, मेयो आणि एम्स या इथल्या सरकारी रुग्णालयांनी मिळून असं दान केलेलं हाड साठवून देणारी एक बोन बँक चालवावी. दात्याची एचआयव्ही, कावीळ बी-सी यांची तपासणी सक्तीची असावी आणि औषध मुरवलेल्या ग्राफ्टचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत स्पष्ट धरावा. सांधेबदलाच्या संमतीपत्रात ‘काढलेलं हाड दान करण्यास माझी संमती आहे’ अशी ओळ छापण्यापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहायची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मानेवाडा, नागपूर